चुंबकांच्या पाठीमागचं लोखंड

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीहून मद्रासला आलो आणि पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात लागलो. माझे वरिष्ठ तंजावरकडचे मराठी गृहस्थ होते. नुंगंबाक्कमला त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचो, त्यामुळे कारखान्यातही तोंडातून ‘काका’च निघायचं. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधेच तमिळमध्ये शिरणारी. निवृत्ती जवळ आली होती आणि सकाळीसुद्धा ते दमलेले दिसत.

एन्नोरच्या एका रसायनांच्या कारखान्यात आमचा पंप आम्ल ओढत असे. फिरणारा दांडा जिथून पंपात शिरतो तिथून ते थेंब थेंब गळायचं. पंप सांभाळणाऱ्या माणसाच्या दोन्ही हातांची कातडी सोलवटली होती. ते हात पाहून आलो त्या दिवशी काका जेवले नाहीत.

“दांडा आत जायलाच नको,” ते म्हणाले. “बाहेर चुंबक, आत चुंबक, मधे बंद भिंत. बाहेरचे फिरले की आतले फिरतील.”

चुंबक मिळाले. अडलं ते चुंबक ज्या तबकडीवर बसवायचे तिच्या धातूपाशी. पहिली तबकडी साध्या पोलादाची केली. पंप छान चालला, पण समुद्राचं खारं वारं आणि आम्लाची वाफ यांनी तिला खाल्लं. पावसाळा सरता सरता गंज चुंबकांखाली शिरून फुगला आणि एक चुंबक उखडून पडला. पुन्हा जुना पंप जोडला, पुन्हा गळती.

“स्टेनलेस लावा,” आमचे मालक म्हणाले. “गंजाची कटकटच नको.”

“त्याला चुंबक चिकटत नाही,” काका म्हणाले. “पाठीमागे लोखंडच हवं. नाहीतर बळ मागच्या मागे वाया जातं.”

“एकदा करून तर बघा.”

करून बघितली. मोटर घूं घूं करत फिरत राहिली आणि भार येताच पंप जागीच थांबला. मग मालकांना ॲल्युमिनियम आठवलं. तेही केलं, तेच झालं.

“काका, तुम्ही ठामपणे नाही का म्हणत नाही?” मी वैतागून विचारलं.

“म्हणून काय होतं? डोळ्यांनी पाहिलं की ते गप्प होतात. माझ्या बोलण्यानं होत नाहीत.”

परत पोलादावर आलो. या वेळी वरून स्टेनलेसचं पातळ झाकण घातलं. झाकणामुळे आतल्या आणि बाहेरच्या चुंबकांमधलं अंतर वाढलं आणि ओढ कमी झाली. म्हणून चुंबक मोठे घेतले, तर त्यांना तबकडी पुरेना. काकांनी तिच्या मागच्या बाजूला टाचणी धरली. ती चिकटली.

“बळ आरपार येतंय,” ते म्हणाले. “आणखी जाड हवी.”

जाड केली की वजन वाढायचं आणि मोटरचं बेअरिंग तापायचं. एक सांभाळावं तर दुसरं बिघडायचं. त्यात उन्हाळा लागला. पत्र्याच्या छपराखाली आराखड्याच्या कागदावर घाम ठिबकायचा आणि काढलेली रेघ फिसकटायची. घरी काकू मला म्हणायच्या, “तुम्ही तरी सांगा त्यांना, थोडी रजा घ्या म्हणावं.” मी सांगितलं. काकांनी ऐकल्यासारखं केलं आणि पुढची तबकडी आखायला घेतली.

शेवटी एका जाडीला टाचणी चिकटेनाशी झाली आणि बेअरिंगही तापलं नाही. आम्ही एन्नोरला जाऊन ती जोडणी बसवली. पंप चालू झाला. पंप सांभाळणाऱ्या त्या माणसाने बऱ्याच वेळाने पंपाखाली फडकं फिरवलं, उलटसुलट करून पाहिलं.

“ओळुगलै, सार,” तो म्हणाला. गळत नाही. मग त्याने ओळीने उभ्या असलेल्या बाकीच्या पंपांकडे बोट केलं. ते गळतच होते. “यांचं कधी?”

काका त्याला “बघू” म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. “बरं वाटायला हवं होतं नाही?” ते म्हणाले.

“उद्या वाटेल, काका.”

थोड्या वेळाने पाहिलं तर त्यांना झोप लागली होती. त्यांच्या मांडीवरची पिशवी घसरत होती, ती मी उचलून माझ्याकडे घेतली.