टेबलावरचं स्टेशन

बायकोचा डावा डोळा साखरेनं नेला, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उजव्याचाही भरवसा धरू नका." मी लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. डोळ्यांपुढं काहीतरी मांडून ठेवणं, एवढंच मला येत होतं.

तिचे वडील नांदेडकडच्या एका लहान स्टेशनावर पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचे. रुळाला लागूनच क्वार्टर. तिचं सगळं लहानपण तिथं गेलं. ते स्टेशन कधीच पाडलं गेलं. तिला दिसतंय तोवर ते टेबलावर छोटं करून दाखवायचं, असं मी ठरवलं. विजेवर चालणारी छोटी गाडी आणि रूळ मागवले, प्लायवूडवर बसवले, बाजूला स्टेशन आणि क्वार्टर उभं केलं आणि मागं उभा करायला आभाळ-डोंगरांचा पुठ्ठ्याचा पडदा रंगवला.

ती समोर खुर्चीत बसायची आणि काही म्हणजे काही पसंत करायची नाही.

"आभाळ लई निळं केलंत. वैशाखात आमच्याकडं पांढरं असायचं, मातकट."

मी आभाळ परत रंगवलं.

"डोंगर इतका हिरवा? लांबचा डोंगर धुरकट दिसतो. पोरांना हेच शिकवत व्हता ना?"

तिचंच खरं होतं. रुळाजवळची खडी तांबूस असते, हेही तिनंच सांगितलं. पडद्याच्या कोपऱ्यात आभाळ मोडल्यासारखं दिसायचं, म्हणून तिथला पुठ्ठा भिजवून गोल वळवला. अहमदपूरहून बहिणीच्या शेतातली काळी माती आणली, फडक्यातून चाळून गोंदावर भुरभुरली. तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या शेंड्यांना हिरवा रंगवलेला भुसा चिकटवून लिंबाची झाडं केली. तीन महिने गेले. त्या दिवसांत मी खूश होतो, हे कबूल केलं पाहिजे.

एका सकाळी तिला हाताला धरून समोर बसवलं. "बघ, झालं."

ती बराच वेळ तिकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "चांगलं झालंय."

माझं कुठलंही काम तिनं आजवर पहिल्या झटक्यात चांगलं म्हटलं नव्हतं.

"आणि आभाळ?"

"आभाळबी चांगलंय. आता बरोबर पांढरं दिसतंय."

पडदा वार्निश लावून मी अंगणात वाळत ठेवला होता; तो वाळेपर्यंत मला दम निघाला नव्हता. रुळांमागं नुसती भिंत होती. हिरव्या डिस्टेंपरची.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिला कळलं. "आठ दिस झाले. तुम्ही लई मन लावून करत व्हता."

मग तीच म्हणाली, "गाडी तरी सोडा."

मी बटण दाबलं. गाडी फिरू लागली. तिनं कान तिकडं केला, कपाळाला आठी घातली.

"रुळाच्या सांध्यांचा आवाज न्हाई येत हो. आमच्या घरात रात्रंदिवस तोच असायचा."

तीन महिन्यांत मला ते एकदाही सुचलं नव्हतं. गाडी गुळगुळीत फिरत राहिली. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या आता."

याला वर्ष होत आलं. मी ब्रश धरलेला नाही. ती भिंत चाचपत स्वयंपाकघराकडं जाते, मी बसल्या जागेवरून सांगतो, "उजवीकडं, अजून उजवीकडं." कधी कधी तेवढंही सांगवत नाही.