समासात राहिलेले गाव

माझी पत्नी मुलींच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत असे. तिला जाऊन आता वर्ष होत आले. तिच्या कामाचा विषय निघाला की मला तमिळ मुलखातले, पापनाशमजवळचे एक गाव आठवते, कालव्याच्या काठचे, चाळीसेक घरांचे. काही वर्षांच्या अंतराने त्या गावाची पाहणी करायची आणि देशाच्या आर्थिक धोरणाचे काय झाले ते तिथे पारखायचे, असे तिने ठरवले होते. दिल्लीत घेतलेला निर्णय कालव्यापर्यंत पोचतो की नाही, ते कालव्यावर जाऊनच बघावे लागते, असे ती वर्गात सांगे.

पहिली पाहणी तिने नोकरीला लागल्यावर लगेच केली. तेव्हा बाजार खुला व्हायला बराच अवकाश होता. दुसरी केली तेव्हा खुल्या धोरणाला सात-आठ वर्षे झाली होती. तिचा प्रबंध या दोन पाहण्यांच्या तुलनेवर उभा होता. तुलना करायची तर प्रश्न तेच हवेत, त्याच शब्दांत आणि त्याच दिवसांत, म्हणजे भाताची कापणी उरकल्यावर. याबाबत ती फार काटेकोर. जुना फॉर्म तिने नव्याने टंकून घेतला, पण त्यातला एकही शब्द बदलला नाही. घरात पितळेचे हंडे किती? सायकल आहे का? रेडिओ? बैल किती? पाणी किती लांबून आणता? सुटीच्या दिवशी फॉर्मांची पिशवी घेऊन मीही तिच्याबरोबर जाई.

फॉर्मच्या समासात ती देवनागरीत काहीबाही टिपून ठेवी. मराठी राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरोघरी बोलतात, वाचणारे मात्र थोडे. तिला तिच्या वडिलांनी वाचायला शिकवले होते. गावातली माणसे फॉर्मात डोकावत, म्हणून ही लिपी तिला सोयीची वाटे. ‘सासू सांगत होती, सून मागून मान हलवीत होती,’ असले शेरे असत.

दुसऱ्या पाहणीचा निकाल स्पष्ट होता. हंडे कमी झाले होते, सायकली कमी झाल्या होत्या, रेडिओ आणि बैल जवळजवळ संपले होते. गाव खाली गेले होते. तिला आधीपासून तसेच वाटत होते. मार्गदर्शक प्राध्यापकही खूश झाले. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता आणि त्या वर्षीची बढती त्यावर अवलंबून होती.

एकच घर राहिले होते. तिथली म्हातारी लेकीकडे गेली होती. ती परतल्याचे कळले तेव्हा आम्ही पुन्हा बस धरली. म्हातारीने आम्हाला ओट्यावर बसवले, ताक दिले. बोलणे तमिळमध्ये चालले होते.

“हंडे किती, अम्मा?”

“एकही नाही.”

“मागच्या वेळी चार होते.”

“होते. घासायला कोण बसणार? माझ्या सुनेला सांगून बघा.”

“सायकल?”

“नाही.”

“रेडिओ?”

“आहे. त्यावर मांजर झोपतं.”

“बैल?”

म्हातारीने माझ्याकडे पाहिले. “सार, ही तुम्हाला घरातही असंच विचारते का? काय काय गेलं ते?” मग पत्नीकडे वळून म्हणाली, “टीचरम्मा, आम्ही जे काढून टाकलं त्याचीच खानेसुमारी करताय तुम्ही. जे घेतलं ते विचारायला सरकारची मनाई आहे काय?”

आत टीव्ही चालू होता. अंगणात मुलाची मोपेड उभी होती. सून बस थांब्यापाशी टेलिफोनचे बूथ चालवीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने सगळे फॉर्म जमिनीवर मांडले आणि मला समास वाचायला सांगितले. मी एकेक मोठ्याने वाचत गेलो. ‘मोपेड आडवी, बसायला जागा नाही.’ ‘टीव्हीमुळे उत्तर ऐकू आले नाही, पुन्हा विचारले.’ ‘मुलगी टायपिंगच्या क्लासला, संध्याकाळी यावे लागेल.’ हे सगळे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. कामात आलेल्या अडचणी म्हणून.

“प्रश्न तेच हवेत असं तूच म्हणत होतीस,” मी म्हणालो. मला तिची बाजू घ्यायची होती.

“तेच हवेत,” ती म्हणाली. “तेवढेच नकोत.”

तिने प्रबंध थांबवला. मार्गदर्शकांनी समजावले. नुसती समासातली टिपणे जोडली तर निकाल उलटा करता येईल, वेळही वाचेल, असे सुचवले. तिला तेही मान्य नव्हते. गाव खाली गेले हे ती घाईने म्हणाली होती. वर गेले हेही तिला घाईने म्हणायचे नव्हते. पुढचे वर्षभर दर शनिवारी ती नवे प्रश्न घेऊन सगळ्या घरांत गेली. काय नवे आले, कोणाकडे आले, त्यासाठी काय सोडले. कालव्यापलीकडच्या टोकाला मजुरांची घरे होती. तिथे सायकलीही गेल्या होत्या आणि मोपेडही आली नव्हती. मळणीला यंत्र आल्यापासून तिथल्या बायकांचे कामाचे दिवस घटले होते. ती माहिती घेताना तिने एकदाही फॉर्मवरून नजर काढून घड्याळाकडे पाहिले नाही.

त्या वर्षीची बढती तिच्या मागून नोकरीला लागलेल्या बाईंना मिळाली. पत्नीने त्यांना घरी जेवायला बोलावले, साग्रसंगीत सांबार केले.

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तिने आपली चूक सविस्तर लिहिली, म्हातारीच्या शब्दांसकट. एवढे कशाला, असे मार्गदर्शक म्हणाले. ते पान तिने तसेच ठेवले.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, थोडे कंटाळलेले. त्यांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला.

“बाई, एका वाक्यात सांगा. खुल्या धोरणानंतर गाव वर गेलं की खाली?”

“कोणत्या घराबद्दल विचारता, सर?”

परीक्षक खुर्चीत मागे टेकले. त्यांना खरोखरच ऐकायचे आहे असे समजून तिने कालव्याकडच्या पहिल्या घरापासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवले आणि मंजुरीच्या सहीसाठी पेन काढले, तोवर ती सहाव्या घरापर्यंत पोचली होती.