अप्पांनी प्यायलेले पाणी

माझे वडील सोमा गावडा, म्हणजे आमचे अप्पा, यांचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे. सुप्याच्या रानात ते भात पिकवतात. त्यांना वाचता येत नाही. मला मात्र त्यांनी बी.ए. होऊ दिले. कॉलेजात मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही त्यांनी मला तोडले नाही. सुटीत घरी गेलो की ओसरीवर माझे वेगळे पान मांडत आणि स्वतः वाढत.

अशाच एका सुटीत मला ताप भरला. मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन उजेडाकडे धरली. ती काळी होती.

"ब्लॅकवॉटर फीवर," ते म्हणाले. हिवताप वारंवार येऊन गेला की कधी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. "पाणी किती प्यायलात?"

मी दाराशी उभ्या असलेल्या अप्पांकडे पाहिले. लोंढ्यापर्यंत बैलगाडीत आणि पुढे आगगाडीत मी पाणी मागत होतो. ते ओल्या फडक्याने नुसते माझे ओठ पुसत होते.

"तापात पानी द्याचं न्हाई," अप्पा म्हणाले. "जुनी मानसं सांगत आल्यात."

"या आजारात पाणी पोटात गेलं नाही, तर मूत्रपिंडं बंद पडतात. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

अप्पा खाली बसले.

पाणी प्यायले की उलटी होई. शेवटी मी दात आवळून पडून राहू लागलो. मरणाची भीती वाटत नव्हती. कुणी हलवू नये, एवढेच वाटे.

अप्पा बाहेर आंब्याखाली दगड मांडून आपले शिजवत, ओढ्याचे पाणी आणत. ख्रिस्त्यांच्या हातचे पाणी प्यायले की आमच्या लोकांत जात जाते. एका दुपारी नर्सने माझ्यासाठी आणलेला पेला त्यांनी हातात घेतला, घोट घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"बघ, मी पिलो. आता तू पी."

मी प्यायलो. उलटी झाली. त्यांनी पुन्हा घोट घेतला.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला रामनगरचा गाडीवान होता. "अवो पावणं, लेकाचं औशीद तुम्हीच संपवायला लागलाय की!"

"संपू दे. माज्यासंगं त्योबी पितोय न्हवं?"

हळूहळू पाणी पोटात राहू लागले. लघवी चहासारखी झाली, मग पिवळी. थकवा मात्र अजून गेलेला नाही. आता मी शाळेत शिकवतो; वर्गात उभे राहताना टेबल धरावे लागते. कुणाच्या घरी असा ताप आला, तर पाणी तोडू नका. उलटी झाली तरी घोट घोट देत राहा.

देवाने आपले थोरपण सोडून माणसासाठी खाली यावे, हे मी पुस्तकात शिकलो होतो. त्याचा अर्थ मला त्या खाटेवर कळला.

गावात ही गोष्ट अप्पांनी स्वतःच सांगितली. पंच म्हणाले, चूक झाली म्हण आणि प्रायश्चित्त घे. अप्पा म्हणाले, "पोराला पानी पाजलं, त्यात चूक कसली?" दरवर्षी नव्या भाताची पहिली लोंबी देवापुढे तेच ठेवत. यंदा त्यांना देवळाच्या पायरीखाली उभे केले. चुलतभावाकडून हे कळले, तेव्हा मी त्यांना पत्र लिहिले:

"तीर्थरूप अप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

मास्तर हे वाचून दाखवतील, तेव्हा आईलाही जवळ बसवा.

पंच सांगतात ते करा. चूक झाली म्हणा. मला त्याचे वाईट वाटणार नाही. तुम्ही काय केले ते मी जाणतो, माझा देवही जाणतो. पोराला घरी घेऊ नको म्हणाले, तर त्यालाही हो म्हणा. मी लोंढ्याच्या ठेसनावर येत जाईन, तुम्ही तिथे भेटा. पण पायरीखाली उभे राहू नका, अप्पा. ते मला सोसत नाही.

तुमचा नारायण"