पंखावरची रेघ

मी हे लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. चांगल्या मुलीने असल्या गोष्टी लिहू नयेत असं वाटायचं. पण जे केलं ते मी मुद्दाम केलं, आणि विसरले असं म्हणणं खोटं होईल.

आमचं गाव मळवली स्टेशनपासून आत. आई लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर झाडलोट आणि स्वयंपाक करते. बंगला पाहुण्यांना भाड्याने देतात. पाहुणे गेले की मागे काहीबाही राहतं, चार्जर, चपला, लहान मुलांची खेळणी. कोणी विचारायला आलं नाही तर मालकीणबाई आईला म्हणायच्या, "घेऊन जा तुमच्या मुलीला." असाच मी सातवीत असताना तो घरी आला. वीतभर उंचीचा, कथलासारख्या राखाडी धातूचा, पुढून गरुड आणि मागून सिंह, पंख उघडलेले. आईने तो पदराला पुसून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बग, किल्ल्याच्या दारावर असतो तसला हाय."

किल्ल्याच्या दरवाजावर कोरलेला असतो तो शरभ, आणि हा ग्रिफिन, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरी मात्र तो गरुडसिंहच राहिला. त्याच्यामागून बाकीचे आले. एक शिंगवाला घोडा, एक जलपरी, भाताच्या कणगीमागे ठेवलेला तीन डोक्यांचा कुत्रा. वडील म्हणायचे, "घरात माणसांपरीस राक्षसं जास्त झाली." पण धूळ बसली की तेच फुंकर मारायचे.

बारावीच्या पुढे शिकणारी आमच्या घरातली मी पहिली. लोणावळ्यात कॉलेज सुरू झालं तेव्हा कुणाशी काय बोलायचं ते कळायचं नाही. वर्गातल्या एका मुलीने सांगितलं की चिक्कीच्या दुकानावर जे कॅफे आहे, तिथे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी असल्या मूर्ती जमवणारे लोक भेटतात आणि अदलाबदल करतात. मी चार रविवार नुसती जिन्यापर्यंत जाऊन परत आले. पाचव्या रविवारी वर गेले.

सातआठ माणसं होती. नोकरी करणारी, एकदोन कॉलेजातली, मूर्ती रंगवणारा एक दादा, पुण्याहून येणाऱ्या एक मावशी. आणि काका. काकांकडे सगळ्यात जास्त मूर्ती, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. तिथे पैसे चालत नसत. दोघांनी आपापली मूर्ती टेबलावर ठेवायची, एकमेकांची हातात घेऊन बघायची, आणि दोघांनी "पटलं" म्हटलं की झालं. नंतर कितीही वाईट वाटलं तरी परत मागायचं नाही. हा तिथला एकच नियम, आणि तो सगळे पाळत.

मी दप्तरातून गरुडसिंह काढला. काकांनी तो हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवून बघितला. मग मोबाईलचा टॉर्च लावून मला जवळ बोलावलं.

"ही रेघ दिसते का पंखावर?"

पंखाच्या मधून एक बारीक रेघ गेली होती. मी ती लहानपणापासून बोटाने चाचपत आले होते. "हो."

"इथून तुटलाय हा. कोणीतरी छान चिकटवलाय. पण चिकटवलेल्याला इथे कोणी हात लावत नाही गं, बाळा."

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की."

मला लाज वाटली. तुटकी वस्तू घेऊन आले, असं. काकांनी पिशवीतून एक ड्रॅगन काढला. लाल डोळे, खाली बटण दाबलं की तोंडात दिवा लागायचा. "तू नवीन आहेस म्हणून देतो," म्हणाले. मी "पटलं" म्हणाले. लगेच म्हणाले, त्यांचा विचार बदलेल अशी भीती वाटून.

पुढच्या महिन्यात रंगवणारा दादा कुणाला तरी समजावत होता. धातू दोन भागांच्या साच्यात ओततात आणि साचा जिथे जुळतो तिथे रेघ उमटते. मोठ्या कारखान्यात ती घासून टाकतात. न घासलेली रेघ दिसली तर समजायचं, हाताने ओतलेला थोडाच माल आहे, आणि तो सोडायचा नाही. तो हे सांगत होता आणि माझे कान गरम होत गेले. मी उठून काकांच्या टेबलाशी गेले. माझा आवाज मला हवा होता त्याहून मोठा निघाला.

"काका, तुम्ही तर म्हणालात चिकटवलाय."

काका शांतपणे म्हणाले, "मला तसं वाटलं असेल. तू 'पटलं' म्हणालीस की नाही?"

"म्हणाले."

"मग झालं तर. अगं, याला अभ्यास लागतो. कॉलेजात जातेस ना? शिकवतात काय तिथे?"

सगळे हसले. त्यांच्या हसण्यात फार वाईटपणा नव्हता, मला मान्य आहे. पण मीही हसले. त्यांच्याबरोबर उभी राहून स्वतःवर हसले, आणि तेच मला सहन झालं नाही.

घरी आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "मातीच्या बाव्हल्यापायी रडतीस व्हय?"

"धातूचा होता."

"मग लय वाईट." थोड्या वेळाने म्हणाली, "कुटं ऱ्हातो त्यो? मी यिऊ का?"

मी नको म्हणाले. आई गेली असती तर एकदा भांडण होऊन संपलं असतं. मला ते संपायला नको होतं. मला काकांच्या तोंडून, त्याच माणसांसमोर, पंख तुटलेला नव्हता हे ऐकायचं होतं. मूर्ती परत मिळणार नाही हे मला माहीत होतं. तो नियम मीही पाळणार होते.

तेव्हा मी रंगीत काचकाम करणाऱ्या एका बाईंकडे जायला लागून वर्ष झालं होतं. बाई निवृत्त कलाशिक्षिका. घराच्या गॅरेजमध्ये त्या बंगल्यांच्या दारांसाठी आणि खिडक्यांसाठी काचेची चित्रं करतात. पहिले कित्येक महिने मी फक्त तुकडे धुतले. मग कडा ग्राइंडरवर घासल्या, कडेला तांब्याची पट्टी चिकटवली, मग सोल्डर, म्हणजे कथील वितळवून तुकडे सांधणं. कापणं सगळ्यात शेवटी. कटरने ओरखडा काढून काच दोन हातांनी मोडायची. सरळ मोडते, बाहेरच्या वळणालाही मोडते. आतल्या खोल वळणाला मात्र ती ऐकत नाही, मधूनच तडकते. म्हणून चित्र काढतानाच तिथे एक जोड ठरवून ठेवतात. बाईंचं कसब हे की त्यांचे जोड दिसतच नाहीत. पिसाच्या कडेत, पानाच्या शिरेत लपलेले असतात.

एका दुपारी काका गॅरेजमध्ये आले. त्यांना मूर्तींच्या कपाटाला काचेचं दार करून घ्यायचं होतं, आणि दारावर हवा होता गरुडसिंह. नमुना म्हणून त्यांनी तो फडक्यात गुंडाळून आणला होता. मी ग्राइंडरवर होते, चष्मा आणि मास्क लावून. मास्क काढला तेव्हा ते म्हणाले, "अरे वा, तू इथे? छान, छान." त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. मला वाटतं, त्यांना काही आठवलंच नसावं. त्याचा राग सगळ्यात जास्त आला.

बाई म्हणाल्या, "आराखडा हीच काढेल. हात चांगला आहे हिचा."

तीन आठवडे गरुडसिंह माझ्या टेबलावर होता. पिशवीत टाकून न्यावा असं एकदा मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण मग मी चोर आणि काका बरोबर ठरले असते. मी कागदावर तो पूर्ण आकारात काढला. पंखाला आतलं वळण होतंच, जोड लागणारच होता. तो मी पिसांच्या कडेला घेतला नाही. साच्याची रेघ होती तिथून, पंखाच्या ऐन मधून, आडवा नेला.

बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "ही इथे कशाला? कडेने घे ना, लपेल."

"इथेच बरी वाटते, बाई."

"बरी?" त्यांनी चष्मा वर केला. "बघ बाई. चित्र तुझं."

काकांना आराखडा दाखवला. कागदावर सगळ्या रेघा सारख्याच दिसतात. त्यांनी फक्त रंग विचारले आणि होकार दिला. नंतर मी पंखाचे दोन भाग दोन वेगळ्या शीटमधून कापले. दोन्ही मधाच्या रंगाचे, पण एक किंचित गडद. वेगवेगळे हातात धरले तर फरक कळणार नाही, शेजारी ठेवले तर डोळ्याला खुपेल असे. त्या जोडावर सोल्डर जरा जाड घेतलं आणि वरून काळं केलं. काम पक्कं होतं. कुठेही हलत नव्हतं, एकही कड उघडी नव्हती. फक्त बघणाऱ्याला वाटावं, हा पंख मोडला होता आणि कोणीतरी जोडला.

दार बसल्यावर काकांनी सगळ्यांना घरी बोलावलं. मलाही. कपाटाच्या आतला दिवा लावला. सगळे "वा" म्हणाले. रंगवणारा दादा जवळ जाऊन वाकला.

"काका, याचा पंख जोडलेला आहे का हो?"

"छे. का?"

"नाही, काचेत तसं दाखवलंय म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हे वाक्य मी महिनाभर पाठ केलं होतं, तरी जीभ अडखळली. "काकांनीच मला सांगितलं होतं. इथून तुटलाय, चिकटवलाय. मी तसंच काढलं."

"अगं, तुटलेला नाहीये तो!" काका म्हणाले.

"नाही?"

"नाही म्हणजे नाही. साच्याची रेघ आहे ती!"

ते जोरात म्हणाले. त्यांना ती मूर्ती आणि ते दार दोन्ही वाचवायची होती. आपण काय बोललो हे त्यांना एक क्षण उशिरा कळलं. हातातली चहाची बशी त्यांनी उगाच टेबलावर सरळ करून ठेवली. कोणी हसलं नाही. पुण्याच्या मावशींनी त्या दिवशी काकांना द्यायला एक जलपरी आणली होती. त्यांनी ती कागदात परत गुंडाळली.

"आज राहू दे, काका," त्या म्हणाल्या. "आधी कुणाला तरी दाखवते."

आठवड्याने काका दार काढून गॅरेजमध्ये घेऊन आले. रिक्षातून, जुन्या चादरीत बांधून. मला वाटलं भांडतील. ते भांडले नाहीत. बाईंना म्हणाले, "हा पंख एका अखंड तुकड्यात करून द्या. घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारतो."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. काम हिचं आहे."

काका माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांनी मला नीट बघितलं असं वाटलं. मी म्हणाले, "नाही होत, काका. आतलं वळण आहे. काच फुटते."

"नक्की?"

त्यांना काचेतलं काही कळत नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघण्यावाचून त्यांच्याकडे उपाय नव्हता. मी दाराला हात लावून, वळणावरून बोट फिरवून दाखवलं. "नक्की."

ते दार उचलून निघून गेले. रिक्षा वळेपर्यंत बाई दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "होतं. थोडं थोडं मोडत, ग्राइंडरवर घासत नेलं तर होतं. तुला माहितेय."

"माहितेय."

त्यांनी मांडणीवरून मधाच्या रंगाची शीट काढून माझ्यासमोर ठेवली. "काप मग. बघू."

पहिली काच वळणात तडकली, दुसरी टोकाला. तिसरी मी इतकी सावकाश घासली की संध्याकाळ झाली. बोटं पाण्याने सुरकुतली होती. पंख निघाला, अखंड, आतल्या वळणासकट. बाईंनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. एवढ्या अवघड वळणाचा अखंड तुकडा मी त्याआधी कधी कापला नव्हता.

"आता फोन करशील त्यांना?"

"नाही."

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी वर्तमानपत्र घेतलं, पंख त्याच्या चार घड्यांत बांधला आणि माझ्या हातात दिला. "मग हे इथे ठेवू नकोस. माझ्या दारात उभी राहून होत नाही म्हणालीस तू. उद्या ते आले आणि हे दिसलं तर मी काय सांगू?" आणि जाता जाता म्हणाल्या, "पुन्हा माझ्या गिऱ्हाइकाशी असं नाही करायचं. एकदा झालं ते झालं."

मी हो म्हणाले. ते मनापासून होतं. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पुडकं मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्यावर ठेवून बसले. आता काकांबद्दलही वाईट वाटायला लागेल असं वाटत होतं. मी त्याची वाट बघत होते. मळवली आलं, तरी तसं काही वाटलं नव्हतं. मी उतरले.