गव्हाशी उभा दावा

अख्ख्या बसवकल्याणात गव्हाशी उभा दावा मांडलेला माणूस एकच होता, आणि माझ्या नशिबानं तो माझा थोरला दीर होता. बांधावरून भावाशी भांडणारे आमच्याकडे पैशाला पासरी. पण हे गृहस्थ धान्याशी भांडायचे. गल्लीत कुणाच्या अंगणात गहू वाळत घातलेला दिसला की भावजी धोतर सावरून पलीकडच्या कडेनं जायचे. अडतीच्या दुकानात मुनीम, म्हणजे दिवसभर बसणं पोत्यांतच; तिथं गव्हाचा नमुना हातात घ्यावाच लागायचा. मग घरी आल्यावर आडावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. मी उदगीरची. आमच्या माहेरी काय किंवा ह्या गावात काय, रोजची ज्वारीची भाकरी आणि मानाची चपाती. जावई आला, पाहुणा आला, कुणी आजारातून उठलं की गव्हाचं करायचं. अशा मुलखात आमच्या घरी रात्रीच्या चुलीवर गहू चढायचा नाही, असा भावजींचा हुकूम होता. दिवसा कुणाला काय खायचं ते खा. रात्री नाही. नवऱ्याकडे मी तक्रार केली तर तो हसायचा. त्याचं काय जात होतं? चुलीपुढं मी होते.

आमच्यात थोरल्या दिरापुढं धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नसतं, आणि त्यानंही तिच्याशी थेट बोलायचं नसतं. पण रात्रीचा बेत ठरवणार भावजी आणि रांधणार मी. तेव्हा रोज सकाळी आंघोळ उरकून, गंध लावून ते स्वैपाकघराबाहेर उभे राहायचे आणि दाराच्या चौकटीला सांगायचे, "आज रात्री ज्वारीच्या कण्या करा म्हणावं. संगं आंबाडीची भाजी."

मी चुलीला सांगायची, "घरात ताक न्हाई म्हणावं. कण्या काय कोरड्या गिळायच्या?"

"ताकाचं बघतो म्हणावं."

"कालबी बघतोच म्हणले होते म्हणावं."

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, मध्ये वाती वळत बसलेल्या असायच्या. त्या वैतागून म्हणायच्या, "चौकटीला काय सांगायलास रे? ती काय चुलीपुढं बसणार हाय?" पण रीत ती रीत. अशीच वर्षं गेली. माझं तोंड मुळात तिखट. चूल बिचारी माझं सगळं ऐकून घ्यायची आणि चौकट भावजींचं.

ह्या वेडामागं एक पोर होती, भावजींची एकुलती एक शकू. सहा-सात वर्षांची असताना ती वाळत चालली. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं फुगलेलं. अंगारे झाले, धुपारे झाले. शेवटी भावजी आणि माझा नवरा तिला घेऊन गुलबर्ग्याच्या मोठ्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं तपासून सांगितलं की हिला गहू बाधतो, जन्मभर गव्हाचा कणही पोटात जाऊ द्यायचा नाही. हे ऐकून गल्ली हसली. दूध बाधतं, वांगं बाधतं, गहू कसा बाधेल? पण गहू तोडला आणि पोर दोन महिन्यांत अंगणात लंगडी खेळायला लागली. मग कोण हसणार?

आता एका पोरीसाठी चार भाकऱ्या वेगळ्या टाकल्या असत्या तर भागलं असतं. मी तसं चुलीला बोलूनही दाखवलं. तर चौकटीकडून उत्तर आलं, "तिचं ताट येगळं नको. समदे जे खातील ते तिनं खायचं, आन् ती जे खाईल ते समद्यांनी." बस्स. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरांचं लेंढार आणि आत्याबाई, एवढ्या सगळ्यांच्या रात्रीच्या पंगतीत एका पोरीला परकं वाटू नये म्हणून सगळ्यांचा गहू बंद.

आणि खर्च वाढवायचा नाही, हीसुद्धा अट त्यांचीच. रेशनवर गहू मिळायचा तो आणायचा आणि तिथल्या तिथं रांगेतच ज्वारीवर बदलून घ्यायचा. ज्याला चपातीची हौस असेल त्याला भावजी दुरून हेरायचे. गुलबर्ग्याहून फुटकी तूरडाळ स्वस्तात आणायची. शिजल्यावर कोण बघतंय फुटकी का अखंड. कधी भाकरी आणि घट्ट वरण, कधी पिठलं, थंडीत बाजरीचे उकडलेले उंडे, महिनाअखेरीला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. तांदूळ महाग म्हणून खिचडी फक्त आठवड्यातनं एकदा, त्यातही मूग जास्त. पोरं कुरकुरली की भावजी त्यांना डॉक्टरच्या थाटात भाकरीचे गुण सांगायचे. ते सांगायचे त्यातलं निम्मं त्यांनी स्वतःच जुळवलेलं असायचं.

एकदा मात्र त्यांची पुरती फजिती झाली. पोरांनी चकोल्यांचा हट्ट धरला. चकोल्या म्हणजे कणकेच्या पातळ वड्या कापून उकळत्या वरणात सोडायच्या. भावजी चौकटीला म्हणाले, "ज्वारीच्या करा म्हणावं." मी चुलीला बजावलं की ज्वारीला चिकटा नसतो, विरघळंल. "न्हाई विरघळत म्हणावं." मी केल्या. पंगत बसली, पातेल्यात डाव घातला तर चकोली औषधाला नाही, नुसती लापशी. एवढी माणसं ताटं पुढं घेऊन बसलेली. भावजींनी वाटी तोंडाला लावली, सगळी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आज आंबील समजा." शकू खदखदून हसली. तिचं बघून पंगतच्या पंगत हसली. तेवढ्यावर ते खूश.

गिरणीवर तर त्यांनी कहर केला होता. आधीच्याचा गहू दळून झालेला असला की दगडांत थोडं पीठ राहतं, ते आपल्या ज्वारीत यायचं. म्हणून भावजी डबा घेऊन बसायचे आणि आपल्या आधी कुणा ज्वारीवाल्याचं दळण झाल्याशिवाय आपला डबा लावायचे नाहीत. गहूवाला आला की, "तुमी घ्या, मला काय घाई न्हाई." एकदा दुपार टळली तरी बसलेले. गिरणीवाले चाचा कातावून म्हणाले, "अण्णा, तुमारा नंबर कबका आया, उठते कायकू नई?" भावजी शांतपणे म्हणाले, "एक ज्वारीवाला येऊ द्या चाचा, मंग उठतो." घरी पोचले तेव्हा दुकानाची वेळ टळून गेली होती, शेठजींचा निरोप येऊन गेला होता. पण ज्वारीचं पीठ शुद्ध.

हे सगळं मला बरीच वर्षं नुसतं खूळ वाटायचं. एकदा मी वैतागून नवऱ्याला म्हटलं, तुमच्या भावाला लेक हाय का देव हाय? तेव्हा तो हसला नाही. गुलबर्ग्याच्या त्या डॉक्टरकडं काय झालं ते त्यानं मला तेव्हा सांगितलं. तपासणी झाल्यावर भावजींनी डॉक्टरला विचारलं होतं, "हिची आई अशीच वाळून गेली. तिलाबी हेच आसंल का?" डॉक्टर म्हणाला, आता सांगता येत नाही, पण असू शकेल. हुमनाबादला बस बदलून घरी येईपर्यंत भावजींनी पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

थोरल्या जाऊबाईंना मी पाहिलं होतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच त्या गेल्या. घर सगळं भाकरी खायचं, आणि आजारी बायकोच्या अंगी ताकद यावी म्हणून भावजी दुकानातला उत्तम गहू निवडून आणायचे. आत्याबाई त्यांना मऊ चपात्या करून द्यायच्या, रव्याची खीर द्यायच्या. पोटात ठरायचं नाही, त्या आणखी खंगायच्या. तर भावजी आणखी चांगला गहू आणायचे. आमच्याकडे जीव लावायची रीतच ही होती, त्याला कोण काय करणार? पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चौकट बोलली तेव्हा चूल नेहमीपेक्षा मऊ बोलली असावी, कारण आत्याबाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

शकू मोठी झाली. गुलबर्ग्याचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, घरात आई आणि दोन भाऊ. बघायला येणार त्या दिवशी आम्ही सगळ्या जावांनी पुऱ्यांचा घाट घातला होता. आणि भावजी आले, उंबरा ओलांडून थेट आत, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले. "बाई, पुऱ्या नको. भाकरीच करा."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. मीही चूल विसरले. "भावजी, मुलाकडच्या माणसांना भाकरी? अपमान झाला म्हणून उठून जातील की."

"जाऊ द्या. जी माणसं भाकरीवरनं उठतील त्यांच्या घरी माझी पोर काय खाणार हाय?"

केल्या भाकऱ्या. ताटं वाढली. मुलाचे काका ताटाकडं बघून घसा खाकरायला लागले. भावजींनी हात जोडून सगळं उघड सांगितलं: पोरीला गहू चालत नाही, बाकी खोट नाही, पण तुमच्या घरचं पीठ गव्हाच्या मागनं दळून येत असेल तर आत्ताच सांगा. मुलाच्या आईनं खाली मान घालून भाकरी संपवली आणि मला म्हणाली, "आणखी अर्धी वाढा बाई." सोयरीक तिथंच जमली.

शकू सासरी गेली आणि घर हळूहळू बदललं. दिवसही बदलले होते. पोरं कॉलेजात जायला लागली, त्यांना रात्री चपातीच हवी. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या. भावजी आमच्याकडे राहिले. आमच्या रात्रीच्या चुलीवर गहू चढला तरी ते काही बोलले नाहीत. पण त्यांचं स्वतःचं मात्र भाकरीच. आमची पोरं त्यांच्या वेळेला जेवायची, आम्ही दोघं आमच्या, आणि भावजी दिवेलागणीला एकटेच भिंतीला टेकून भाकरी कुस्करत बसायचे. मी म्हटलं, "भावजी, आता कामून? तुमाला तर गहू बाधत न्हाई."

ते म्हणाले, "ती तितं आत्ता एकटीच भाकर खायलीय आसंल. तिच्या संगट कुणीतरी नको का?"

वर्षानुवर्षं हेच चाललं. पंचमीला शकू माहेरी आली तेव्हा तिला ज्वारीच्या लाह्या वाढता वाढता मी हे सांगितलं. ती चकित झाली. "काकू, मी कुठं एकटी खाते? सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात रात्रीची चपाती बंद केली. आमच्याकडं समदेच भाकरी खातेत."

ती सासरी परत गेल्यावर मी भावजींना ते सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना किती हलकं वाटेल. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली, "समदेच? सासूबी?" मग खूप हसले. म्हणाले, "बरं झालं. लई बरं झालं. मंग आज मलाबी चपातीच वाढा."

मी तूप लावून वाढली, पोरांनाही जवळ बसवलं. भावजींनी एक तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "मऊ हाय. शकूच्या आईला लई आवडायची. पोटात राहायची न्हाई, तरी मी आणली म्हणून खायची."

दुसरा तुकडा त्यांनी मोडला नाही. हात धुऊन ते उठले आणि आडाजवळ जाऊन बसले. माझा जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंध लावून उंबऱ्याशी आले. "बाई, रात्री मला भाकरीच करा," म्हणाले. त्यांच्या एकाही बेताला मी जन्मात पहिल्या बोलण्यात हो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.