आंटींच्या पुण्याईने मेलेले तीन मासे

मित्रांनो, दोन दिवस नागपूरला लग्नाला गेलो आणि पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरची किल्ली शेजारच्या आंटींना दिली. माशांच्या टाकीचा फिल्टर चालू आहे ना, एवढंच बघायचं होतं.

आज सकाळी परतलो तर समुद्री माशांची माझी टाकी दुधासारखी पांढरी. बोटाएवढे आठ हिरवे क्रोमिस, कायम थव्याने फिरणारे. त्यातले तीन मेलेले.

आंटी म्हणाल्या, "बेटा, मुझे देखते ही सब मिलके काँच पे आ जाती थीं. भूखी थीं. आटे की गोलियाँ डाल दीं, पुण्य का काम है."

अहो, माणूस दिसलं की ते येतातच.

दुपारभर पाणी बदलत बसलो. आत्ता आंटी डोकावल्या, तर उरलेले पाचही धावत काचेशी आले.

"देखो, अब भी भूखी हैं."

यावर तुम्ही काय बोलला असतात?