डब्ब्याचं बटण

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. जिले सांगाचं होतं ती गेली. तुम्ही मले ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडून राह्यलो.

माझी पोरगी सुषमा पुण्याले कंप्युटरचं काम करते. मी चौथी शिकलेला माणूस, वारासिवनीच्या राईस मिलमधे मोटर सांभाळे. तिचं काम मले काय समजणार? तिनं सांगतलं तेवढं सांगतो. ती अन् तिच्या सोबतचे लोक दूर कुठंतरी कंपनीच्या मशीनवर प्रोग्राम लिहितात, त्याले क्लाउड म्हणते ती. कोणी काही बदललं का ते आपोआप जुळवून, चालते का नाही हे तपासाचं काम मात्र आमच्या बालाघाटच्या घरातल्या काळ्या डब्ब्यावर होये. रनर म्हणे त्याले. घरून काम करे तवा तिनंच बसवला. कंपनीनं पुण्याले बलावलं तं चालू ठेवूनच गेली — "बाबा, याले हात नका लावू. अर्ध्यात बंद झाला तं सबका काम अटकते."

ती गेली अन् घर मुकं झालं. फोन करे, पण तिच्या मायसंगच बोले. मले काय — "बाबा, बरे हाये ना?" बस.

मंग एका दुपारी लाईट गेली. फोन सीधा माझ्या मोबाईलवर! "बाबा, डब्ब्याचा दिवा लागला का? वाकून पाहा ना." डब्बा चालू होयेपर्यंत ती बोलत राह्यली — भाजी काय होती, गुडघा कसा हाये. मले किती बरं वाटलं, कसं सांगू?

पुढं लाईट जाईच ना.

मी — मी बटण बंद केलं. हातानं. चालती मोटर अशी झटक्यानं बंद करू नये, हे मिलमधे मीच नव्या लोकांवर ओरडून सांगे.

फोन आला. म्या म्हटलं, लाईट गेलती.

"मग वायफाय कसं चालू हाये? मले इथून दिसते ना, बाबा. एकटा डब्बाच कसा गेला?"

काय सांगतलं असन म्या? सांगतलं — "तुझी माय झाडत होती तिथं."

एवढंच वाक्य. पण ते एकदा नाही बोललो. जवा जवा जीव एकटा पडे तवा बटण, अन् तवा तवा हेच वाक्य. सुषमा तिकडून मायवर चिडे — "आई, तुले हजार बार सांगतलं ना! मले ऑफिसात ऐकून घ्या लागते."

"म्या नाही लावला वं हात," ती म्हणे. आधी ठासून म्हणे. मंग हळू. मंग म्हणे, "लागला असन बाई." त्या खोलीत जाय तं दोन्ही हात पाठीमागं धरून जाय. आपल्याच घरात. अन् मी पाहे.

सुषमा म्हणाली, आईले विसर पडून राह्यला, डॉक्टरले दाखवा. मी तिले गोंदियाले घेऊन गेलो. हौ, मीच. बसमधे तिनं विचारलं, "मी येडी होऊन राह्यली का जी?" मी खिडकीबाहेर पाहत बसलो. डॉक्टरनं गोळ्या लिहून देल्ल्या. त्या मी तिले रोज हातात काढून देये, पाण्याच्या गिलासासंग.

यंदा तापानं गेली ती. शेवटपर्यंत स्वतःच्याच हातावर तिचा भरोसा नव्हता.

तेरवीले सुषमा फोटोसमोर रडत होती. "बाबा, त्या डब्ब्यापायी मी आईले किती बोलली!"

तवा सांगता आलं नसतं का? ती समोर होती, मी समोर होतो. म्या तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हटलं, "जाऊ दे बेटा, तुझ्या मायनं मनावर नाही घेतलं."

डब्बा ती घेऊन गेली. आता तिचा फोन रोज येते. मायले बोलली ते तिच्या मनातून जात नाही, म्हणून माझ्यासंग लय नरमीनं बोलते. भाजी काय होती विचारते, गुडघा कसा हाये विचारते.

अन् मी सांगतो.